परदेशाहून परतलेला विद्यार्थी

एखादा विद्यार्थी वर्षभरासाठीं परदेशीं शिकावयास निघाला म्हणजे सारें घर त्याच्या तयारीस लागतें. पासपोर्ट, व्हिसा, लोंकरीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या, मेतकुटाचा डबा ह्यांच्या याद्या होतात. तिकडची थंडी कशी सोसावी, परक्या घरीं कसें वागावें, हें चार अनुभवी माणसें येऊन सांगून जातात. परंतु तोच विद्यार्थी वर्ष संपवून परत येतो, तेव्हां त्याची तयारी कोणीच करून घेत नाहीं. आपल्याच घरीं यावयाचें, त्यास तयारी ती कसली, असें घरच्यांस वाटतें आणि त्यालाहि वाटतें. ह्या समजामुळेंच पुष्कळ विद्यार्थी जातांना जेथें अडखळत नाहींत, तेथें येतांना अडखळतात. मुलगा घुमा झाला, मुलगी एकलकोंडी झाली, बोलण्यांत चिडचीड आली, अभ्यासावरून लक्ष उडालें, अशा तक्रारी परतल्यावर एक-दोन महिन्यांत ऐकूं येतात; आणि "तिकडची हवा डोक्यांत शिरली," असा निकाल देऊन सर्वजण मोकळे होतात. आमच्या मतें हा निकाल घाईचा आहे. ह्या अवस्थेस कारणें आहेत, विद्वानांनीं तिचा अभ्यास केला आहे, आणि तिच्यावर उपायहि आहेत. त्यांचा विचार येथें करूं.

विद्यार्थ्यांच्या ह्या देवघेवीची कल्पना फार जुनी नाहीं. फ्रान्समधील नीस शहराच्या रोटरी क्लबनें १९२७ सालीं अशा देवघेवीस आरंभ केला. पहिल्या महायुद्धांत 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' नांवाची स्वयंसेवकांची एक संस्था फ्रान्सच्या रणभूमीवरील जखमी सैनिकांस मोटारींतून इस्पितळांत पोंचवीत असे. दुसऱ्या महायुद्धांतहि तिनें हेंच काम केलें. दोन महायुद्धांतील जखमी वाहून नेल्यावर ह्या मंडळींस असें वाटलें कीं, जखमी उचलण्यापेक्षां माणसानें माणसावर शस्त्रच उचलूं नये असें कांहीं करावें. म्हणून १९४७ सालापासून त्यांनीं निरनिराळ्या देशांतील शाळकरी मुलें अमेरिकेंतील कुटुंबांत राहावयास आणण्यास सुरुवात केली. पुढें २००१ सालीं न्यूयॉर्क येथें झालेल्या भीषण हल्ल्यानंतर, २००२ सालीं, अमेरिकन सरकारनें केनेडी-लुगर ह्या नांवाची योजना काढली. तिच्यांतून भारतांतील मुलेंहि अमेरिकेस गेलीं. ह्या सर्व योजनांचा घाट सारखाच आहे. पंधरा ते अठरा वर्षांचें मूल परक्या कुटुंबांत जातें. तेथें पाहुणा म्हणून नव्हे, तर घरचेंच मूल म्हणून राहतें. तेथल्या शाळेंत बसतें. आणि सुमारें दहा महिन्यांनीं परत येतें. पदवी मिळविणें हा त्या वर्षाचा हेतु नसतो. त्याचा हेतु ओळख हा असतो.

ही ओळख एकट्या मुलाच्या मनांत राहून भागत नाहीं. तिकडच्या माणसांनीं इकडचें एक मूल ओळखलें, हें अर्धें काम झालें. त्या मुलानें तिकडची ओळख आपल्या घरीं, शाळेंत व गांवांत आणून पोंचविली, म्हणजे दुसरें अर्धें होतें. विमान मुंबईस उतरलें म्हणजे तें वर्ष संपलें, असें म्हणूनच आम्हांस वाटत नाहीं. त्याचा उत्तरार्ध तेथून सुरू होतो. आणि तो उत्तरार्ध साधला नाहीं, तर पूर्वार्धाचा बराचसा खर्च व खटाटोप वायां जातो.

परमुलखांत गेलेल्या माणसाच्या मनाची स्थिति कशी पालटत जाते, ह्याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. नॉर्वे देशांतील स्वेरे लिसगॉर ह्या समाजशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत राहून आलेल्या आपल्या २०० देशबांधवांची विचारपूस करून १९५५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. तिकडे सहा महिन्यांहून कमी राहिलेले लोक समाधानी होते. अठरा महिन्यांहून अधिक राहिलेलेहि समाधानी होते. मधल्या मुदतीचे लोक मात्र कष्टी होते, असें त्यांस आढळलें. म्हणजे नवलाईचा आनंद ओसरून मन खालीं उतरतें आणि ओळख वाढल्यावर पुन्हां वर चढतें. पुढें १९६३ सालीं जॉन व जीन गलाहॉर्न ह्या अमेरिकन पतिपत्नींनीं असें दाखविलें कीं, हाच चढउतार मायदेशीं परतल्यावर पुन्हां एकदां होतो. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर एक घाट उतरून चढून माणूस माथ्यावर येतो आणि आतां पुढें सपाटी असें म्हणतो, तोंच दुसरा घाट समोर उभा राहतो. पहिल्या घाटाची कल्पना त्याला आधीं दिलेली असते. दुसऱ्याची कोणीच दिलेली नसते.

हा हिशेब पंचांगासारखा मात्र मानूं नये. कॉलीन वॉर्ड व त्यांचे सहकारी ह्यांनीं न्यूझीलंडमध्यें शिकावयास आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९८ सालीं असें दाखविलें कीं, सर्वांत अधिक त्रास अगदीं आरंभींच होतो. आधीं आनंद आणि मग उतार, असा नेम दिसत नाहीं. तेव्हां अमुक आठवड्यांत अमुक वाटलेंच पाहिजे, असें कोणीं समजूं नये. कोणास परतण्याचा त्रास मुळींच होत नाहीं, कोणास आठवडाभर होतो, कोणास वर्षभर पुरतो. व्यक्ति तितक्या प्रकृति. परतीची वाटहि चढउताराची असूं शकते, एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरें. ठेंच लागल्यावर तो आपला स्वतःचाच कांहीं दोष आहे, असें मग वाटत नाहीं.

आतां ही ठेंच कां लागते तें पाहूं. आल्फ्रेड शूट्झ हे मूळचे व्हिएन्ना शहराचे तत्त्वज्ञ. हिटलरच्या अमलामुळें देश सोडून ते १९३९ सालीं अमेरिकेंत आले. त्यांनीं १९४५ सालीं घरीं परतणाऱ्या माणसाविषयीं एक निबंध लिहिला. त्या वेळीं महायुद्धावरून लक्षावधि शिपाई घरोघर परत येत होते, आणि तेच त्यांच्या डोळ्यांपुढें होते. शूट्झ ह्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : परक्या देशीं जाणाऱ्यास ठाऊक असतें कीं, आपणांस सर्व कांहीं नव्यानें शिकावयाचें आहे. घरीं येणाऱ्यास मात्र वाटत असतें कीं, जेथें धागा सोडला तेथेंच तो पुन्हां हातीं धरावयाचा. पण तो गेला असतां घर थांबून राहिलेलें नसतें, आणि तोहि पूर्वींचा राहिलेला नसतो. ग्रीक महाकवि होमर ह्याच्या काव्यांतील ओडिसियस वीस वर्षांनीं आपल्या बेटावर पोंचतो, तो झोंपलेला असतांना. आणि जागा होऊन पाहतो, तर आपलीच भूमि त्याला ओळखूं येत नाहीं. शूट्झ ह्यांनीं आपल्या निबंधाचा आरंभ ह्याच कथेनें केला आहे.

पवित्र शास्त्रांतील रूथच्या पुस्तकांत हीच गोष्ट गांवच्या बाजूनें सांगितली आहे. दुष्काळामुळें मवाब देशीं गेलेली नामी सुमारें दहा वर्षांनीं बेथलेहेमास परत येते, तेव्हां सारा गांव गलबलून जातो आणि ही नामीच काय, असें बायका एकमेकींस विचारूं लागतात. नामीहि त्यांस सांगते कीं, मला आतां त्या जुन्या नांवानें हांक मारूं नका. चेहरा ओळखीचा असतो, पण त्यामागें काय काय घडून गेलें तें गांवास ठाऊक नसतें. आपला विद्यार्थी दहा वर्षांनीं नव्हे, दहा महिन्यांनीं येतो हें खरें. पण सोळाव्या वर्षीं दहा महिने म्हणजे थोडा काळ नव्हे. त्या वयांत आवाज, उंची, मतें व आवडी हीं सर्वच झपाट्यानें पालटत असतात.

हा पालट मोठमोठ्या गोष्टींत दिसत नाहीं; तो घरगुती बारीकसारीक गोष्टींत दिसतो. आपल्या घरीं आईनें ताटांत पोळी वाढली, तर तिचे कोणी आभार मानीत नाहीं; आभार हे परक्याचे मानावयाचे, अशी आपली समजूत. तिकडे जेवतांना मिठाची वाटी पुढें केली तरी आभार मानतात, आणि न मानणें उद्धटपणाचें ठरतें. परतलेली मुलगी पहिल्याच दिवशीं आईला "थँक यू" म्हणते आणि आईच्या काळजांत चर्र होतें. हिनें मला परकी केली, असें तिला वाटतें. मुलीच्या मनांत तर उलट प्रेम दाटलेलें असतें. तिकडे खोलीचें दार लावून बसणें ही साधी रीत; येथें दार लावलें तर आजी दोनदां येऊन बरें वाटत नाहीं का म्हणून विचारून जाते. डेन्मार्क व स्वीडन ह्या देशांत विद्यार्थी शिक्षकांस त्यांच्या पहिल्या नांवानें हांक मारतात आणि त्यांत कोणास अनादर दिसत नाहीं. येथें सर वर्गांत आले म्हणजे उभें राहावयाचें असतें. जर्मनींत रविवारीं बहुतेक दुकानें बंद राहतात, घरचा कचरा वेगवेगळ्या पेट्यांत निवडून टाकतात, आणि पुष्कळ घरीं संध्याकाळीं चूल न पेटवितां पाव व चीज ह्यांवर जेवण उरकतें. त्या शांततेंतून आलेल्या मुलास आपल्या रस्त्यांवरील भोंग्यांचा आवाज पूर्वीं कधीं जाणवला नव्हता तो आतां जाणवतो.

शरीराचीहि आपली अशी तक्रार असते. उन्हाळ्यांत जर्मनीचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेतीन तास मागें असतें, न्यूयॉर्कचें साडेनऊ तास. एका तासाच्या फरकास साधारणतः एक दिवस ह्या हिशेबानें शरीर नव्या वेळेस सरावतें. म्हणजे अमेरिकेहून आलेल्या मुलाची झोंप आठ-दहा दिवस विस्कटलेली राहणें स्वाभाविक आहे. त्या दिवसांत त्याला आळशी म्हणूं नये, आणि भेटीस येणाऱ्या आप्तेष्टांची रांगहि लावूं नये. मिरचीचा तिखटपणाहि पहिले कांहीं दिवस जड जातो. तें नखरेलपणाचें लक्षण नव्हे.

ह्यांत शाळेची अडचण भर घालते. युरोप-अमेरिकेंतील शाळांचें वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होऊन पुढील उन्हाळ्यांत संपतें; मुलगा परत येतो तेव्हां इकडील वर्ष बहुधा सुरू होऊन गेलेलें असतें. पुष्कळांचें तें वर्ष इकडे हिशेबांत धरलें जात नाहीं. बरोबरीचे मित्र बारावींत जातात आणि हा अकरावींत, कालपर्यंत ज्यांना तो लहान म्हणत होता त्यांच्या शेजारीं बसतो. तिकडे वर्गांत स्वतःचें मत मांडल्याबद्दल शाबासकी मिळत असे. इकडे अभ्यासक्रम मोठा, परीक्षा जवळ, आणि प्रश्न विचारावयास वेळ थोडा. ह्या बाबतींत जाण्यापूर्वींच शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटून, परतल्यावर कोणत्या वर्गांत बसावें लागेल, कोणते कागद तिकडून आणावे लागतील, हें पालकांनीं विचारून ठेवावें. पुढें होणारा अर्धा मनस्ताप त्यानें टळतो.

पूर्वींच्या काळीं परत येणाऱ्याचें तिकडील जग एकदम दूर जात असे. पत्र यावयास आठवडे लागत. आतां हातांतल्या मोबाइलवर तिकडचें घर, तिकडचे मित्र रोज दिसतात. ही मोठी सोय आहे, पण तिच्यांत एक मेख आहे. शरीर घरीं, पण मन अहोरात्र तिकडच्या गप्पांत, अशी मुलाची ओढाताण होते. आणि समोर बसलेला धाकटा भाऊ वाट पाहून उठून जातो. तिकडचें नातें तोडूं नये; तोडणें कृतघ्नपणाचें होईल. पण आठवड्याचा एक दिवस, शक्य तर एक ठरलेली वेळ, त्याला नेमून द्यावी. राहिलेले दिवस येथल्या माणसांचे आहेत.

ह्या अडचणींतून सुटण्यासाठीं विद्यार्थी बहुधा दोन आडवाटा धरतात. कांहीं जण तिकडच्या मापानें इकडचें सर्व मोजूं लागतात. रस्ता, रांग, चहा, वर्ग, आजीचें बोलणें, सर्वांवर त्यांचा एकच शेरा असतो कीं, तिकडे असें नसतें. चार दिवसांत लोक त्यांना टाळूं लागतात, आणि त्यांच्याजवळ जें खरोखर सांगण्यासारखें असतें तेंहि ऐकावयास कोणी उरत नाहीं. दुसरे कांहीं जण, थट्टा होईल ह्या भीतीनें, तें वर्ष पेटींत घालून कुलूप लावतात. जणूं आपण कधीं गेलोंच नव्हतों. हे बाहेरून शहाणे दिसतात. पालकांसहि तेच बरे वाटतात. परंतु त्यांची हानि पहिल्यांपेक्षां थोडी नसते. कारण त्यांनीं मिळविलेली ओळख कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं, त्यांच्या स्वतःच्याहि नाहीं.

ह्या दोहोंमधली वाट सांपडण्यासाठीं एक विवेक शिकावा लागतो. तो असा कीं, निराळें कोणतें आणि वाईट कोणतें, हें वेगळें काढतां आलें पाहिजे. हातानें जेवणें निराळें आहे, वाईट नव्हे. सर्वांनीं एका खोलींत गप्पा मारीत झोंपणें निराळें आहे, वाईट नव्हे. अशा गोष्टींवर जीभ चालवूं नये. पण सगळेंच केवळ निराळें म्हणून सोडून देणें हेंहि बरोबर नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें लंडनमध्यें शिकले. आणि १९१७ सालीं करारानुसार बडोद्यास नोकरीसाठीं आले. परदेशांतील वर्षांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच त्यांच्या मनांतून पुसली गेली होती. बडोद्यांत त्यांना राहावयास जागा मिळेना. जात लपवून ते एका सरायींत उतरले. तेथूनहि अकराव्या दिवशीं लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस बाहेर पडावयास लावलें. हा प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे. अशा वेळीं "घरच्या चालीरीतींशीं जमवून घ्या," असा उपदेश करणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. जें अन्यायाचें आहे त्याच्याशीं जमवून घ्यावयाचें नसतें. तें पालटावयाचें असतें. परदेशीं गेल्यानें बाबासाहेबांस जें दिसलें तें हें कीं, माणसाला माणूस म्हणून वागविणारें जग असूं शकतें. आणि ती दृष्टि त्यांनीं मिटूं दिली नाहीं.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्या १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या. १८८६ सालीं, आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्याच्या निमित्तानें, अमेरिकेस गेल्या. आणि फेब्रुवारी १८८९ मध्यें मुंबईस परत आल्या. मुक्काम वर्षाचा नव्हे, सहा वर्षांचा होता. परतल्यावर त्यांनीं दोन गोष्टी केल्या. पहिली, ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे परतल्यापासून थोड्याच आठवड्यांत, मुंबईस शारदा सदन उघडून विधवांच्या शिक्षणास आरंभ केला. दुसरी, त्याच वर्षीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें पुस्तक मराठींत लिहून प्रसिद्ध केलें. तिकडील राज्यव्यवस्था, घरें, शाळा, स्त्रियांचीं कामें ह्यांचें वर्णन त्यांनीं मोकळ्या मनानें केलें. तसाच तेथील वर्णद्वेषाचा दोषहि दाखविण्यास त्या कचरल्या नाहींत. विशेष हें कीं, पुस्तक त्यांनीं आपल्या लोकांच्या भाषेंत, आपल्या लोकांस समजेल असें लिहिलें. फुशारकी नाहीं, लपवालपवी नाहीं; पाहिलें तें सांगितलें आणि त्यांतून एक काम उभें केलें. परतणाऱ्यासाठीं ह्याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

त्या काळीं समुद्र ओलांडून आलेल्या माणसास त्याच्या जातीनें प्रायश्चित्त सांगावें, असा प्रघात हिंदु समाजाच्या कांहीं जातींत होता. तो प्रघात गेला हें चांगलें झालें. परतणारा माणूस पूर्वींचाच राहिलेला नाहीं, एवढें तरी त्या लोकांस कळत होतें. पण त्या पालटास त्यांनीं विटाळ मानला, ही त्यांची चूक. आज आपण विटाळ मानीत नाहीं, पण पालटहि मानीत नाहीं. भारतांतील अशा परतलेल्या लोकांचा अभ्यास जॉन व रूथ यूसीम ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्यानें केला, आणि १९५५ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें भारतांत राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचाहि त्यांनीं अभ्यास केला. दोन समाजांत वावरणाऱ्या माणसांची एक तिसरीच संस्कृति तयार होते, ही त्यांची कल्पना ह्याच कामांतून पुढें आली. परतलेला विद्यार्थी निव्वळ इकडचा राहिलेला नसतो, तिकडचाहि झालेला नसतो. तो दोन्ही कांठ पाहिलेला असतो. आणि नदीवर नाव चालवावयास असाच माणूस लागतो.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्यांस असा योग येईल, त्यांनीं परतल्यावर काय करावें तें आतां सांगतों. पहिला महिना सांगण्यापेक्षां ऐकण्यांत घालवा. तुम्ही नसतांना घरांत काय झालें, कोण आजारी पडलें, कोणाचें लग्न झालें, पाऊस कसा झाला, हें विचारा. जो दुसऱ्याचें वर्ष ऐकतो, त्याचें वर्ष ऐकावयास लोक आपण होऊन बसतात. एक वही करा. तिच्या एका पानावर जें खटकलें तें लिहा, आणि आठवड्यानें समोरच्या पानावर तें केवळ निराळें होतें कीं खरोखर वाईट होतें, हें लिहा. बहुतेक रकाने 'निराळें' ह्या सदरांत पडलेले पाहून तुम्हांसच हंसूं येईल. जे 'वाईट' ह्या सदरांत उरतील, त्यांपैकीं एकच घ्या आणि त्यावर हातानें काम करा. तिकडे मुलगा-मुलगी असा भेद न करितां सर्वजण आपलीं ताटें धूत असतील, तर मुलग्यांनीं घरीं आपलें ताट स्वतः धुवावें. आजी म्हणेल, "बाळ, तें पुरुषांचें काम नव्हे." तिच्याशीं वाद घालूं नका, दुसऱ्या दिवशीं पुन्हां धुवा. महिन्याभरांत धाकटा भाऊ शेजारीं येऊन उभा राहील. एक व्याख्यान जें करीत नाहीं तें तीस ताटें करतात.

पालकांस दोन शब्द. "कसें होतें तिकडे?" ह्या प्रश्नास कोणतेंच मूल उत्तर देऊं शकत नाहीं, प्रश्न फार मोठा आहे. लहान प्रश्न विचारा. जेवावयास तुझ्या शेजारीं कोण बसत असे? शाळेस जातांना वाटेंत काय लागे? पहिल्यांदा रडूं कशानें आलें? तेथील आईनें केलेला एखादा पदार्थ त्याला घरीं करावयास सांगा, आणि बिघडला तरी सर्वांनीं खा. आल्यागेल्यापुढें त्याला प्रदर्शनाची वस्तु करूं नका. आणि त्यानें आभार मानले तर दुखावूं नका. ती त्याची नवी बोली आहे, भाव जुनाच आहे.

घरीं राहिलेल्या भावंडास विसरूं नका, हें आमचें विशेष सांगणें आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत परतलेल्या मुलासाठीं मेजवानी होते, तेव्हां शेतांतून दमून आलेला वडील भाऊ दाराबाहेर उभा राहतो. आपला विद्यार्थी कांहीं उधळा नव्हे. पण दाराबाहेरचा भाऊ आपल्याहि घरीं असतो. वर्षभर आजीचीं औषधें त्यानें आणलेलीं असतात, दळण त्यानें वाहिलेलें असतें, आणि आतां साऱ्यांच्या तोंडीं परतलेल्याचेंच नांव. दृष्टांतांतील बाप उठून बाहेर जातो आणि त्याचीहि समजूत घालतो. पालकांनीं तेवढें करावें. तिकडून आणलेल्या भेटवस्तूपेक्षां, "तूं माझ्या वांट्याचें काम केलेंस," हे परतलेल्या भावाचे शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतील.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. थोडी उदासी, थोडी चिडचीड हीं काळानें निवळतात. परंतु दोन-तीन आठवडे झोंप येत नाहीं, अन्नावरची वासना गेली आहे, मूल कोणाशींच बोलत नाहीं, जगण्यांत अर्थ नाहीं असें म्हणतें, असें दिसल्यास तो हट्ट किंवा फाजीलपणा समजूं नये. शिक्षकांशीं बोलावें आणि मनाच्या विकारांच्या डॉक्टरकडे विनासंकोच जावें. ताप आल्यास आपण लाजत नाहीं. ह्यांतहि लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आमच्या शाळेंतून जीं मुलें अशीं जातील, त्यांच्या विमानाची तारीख आपण सर्वजण लक्षांत ठेवतों. त्यांच्या परतण्याची तारीखहि तितक्याच आस्थेनें लक्षांत ठेवूं या. आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत केव्हां तरी, फुलांचा हार वाळून गेल्यावर, त्यांच्या घरीं चहाला जाऊन निवांत बसूं या. सांगावयास त्यांच्याजवळ पुष्कळ असतें; बसून ऐकणारा मनुष्य तेवढा पाहिजे असतो.